पंपाजवळचं स्तोत्र

यमुनाबाई राऊतांना वर्गातून काढून टाकायचं मी ठरवलं होतं. एकदा नव्हे, चांगलं तीन-चार वेळा. माझा स्वभाव तापट आहे, हे गोखिवऱ्यातली आमची सोसायटी तुम्हाला आनंदाने सांगेल. लिफ्टचं दार धरून गप्पा मारणारे, जिन्यात सायकल ठेवणारे, सगळे मला बघितलं की आपोआप शहाण्यासारखे वागायला लागतात. पण यमुनाबाईंवर रागवायचं म्हणजे मोठी पंचाईत. आपण रागवायचं, आणि त्या पिशवीतून राजेळी केळ्यांची फणी काढून म्हणायच्या, "बाई, आधी हे घ्या, मग बोला. पिकलीत, उद्यापर्यंत टिकायची नाहीत."

मी मनोरमा. नोकरीतून मोकळी झाले, मुलगी क्षितिजा लग्न होऊन पुण्याला गेली, आणि घरात भांडायला कुणी उरलं नाही म्हणून मी स्तोत्रांचा वर्ग काढला. क्लबहाऊसातलं टेबल टेनिसचं टेबल भिंतीला सरकवायचं, सतरंज्या घालायच्या आणि बसायचं. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी. मी एकदा म्हणायचं, बायकांनी ते दोनदा म्हणायचं. याला संथा म्हणतात. माझ्या वडिलांनी राजापूरच्या घराच्या पडवीत मला अशीच संथा दिली. चुकलं की ते काही बोलायचे नाहीत, नुसते डोळे मिटायचे. मी डोळे मिटत नाही, मी बोलते. उच्चार स्वच्छ हवा, चाल सगळ्यांची एक हवी, आणि दोन श्लोकांच्या मध्ये कुणी सुनेचा विषय काढायचा नाही, एवढंच माझं म्हणणं.

यमुनाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा आमचं देवीचं स्तोत्र अर्ध्यात होतं. साठी उलटलेली, काठाची साडी घोट्याच्या चांगली वर खोचलेली, अंबाड्यात वाडीतला मोगरा. चपला दारात काढून त्या सरळ माझ्यासमोर येऊन बसल्या. वर्ग थांबला.

"गंगेचं स्तोत्र तुम्हीच शिकवता ना?"

"शिकवते. त्याची पाळी येईल तेव्हा. सध्या देवीचं चालू आहे."

"मग देवीला जरा थांबायला सांगा," त्या म्हणाल्या. "आमचे हे बोलायचे थांबलेत."

मी पुस्तक मिटलं.

निर्मळला तळ्यापासून थोडं आत राऊतांची केळीची वाडी. यमुनाबाईंचे यजमान चंद्रहासराव हे त्या भागातलं सगळ्यात मोठ्या आवाजाचं माणूस. तळ्याच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाला "जेवलास काय रे?" म्हणून विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचे. पावसाळा संपता संपता त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. हात हळूहळू वळणावर येत होता, पण शब्द काही येत नव्हते. समजायचं सगळं, बोलायला जावं तर नुसतं "अं, अं".

जेसिका नावाची एक मुलगी त्यांच्याकडे यायची. स्पीच थेरपिस्ट, शेजारच्याच गावातली. ती चित्रांच्या पत्त्या दाखवायची, कप, किल्ली, गाय, आणि त्यांच्याकडून नाव म्हणवून घ्यायची. सुरुवातीला चंद्रहासरावांनी घाम गाळला. मग एके दिवशी गाईपाशी अडले. जन्मभर गोठा सांभाळलेला माणूस, आणि तोंडातून गाय निघेना. त्यांनी ती पत्ती डाव्या हाताने उलटी घातली आणि त्या दिवसापासून तोंडच उघडेनात.

"जेसिका मला अंगणात घेऊन गेली," यमुनाबाईंनी सांगितलं. "म्हणाली, काकी, न येणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं. काकांनी सोडून दिलंय, आणि हे असंच राहिलं तर पुढे फार कठीण होईल. म्हणाली, पूर्वी त्यांच्या तोंडात आपोआप यायचं असं काही आहे का? गाणं, प्रार्थना, काहीही. तिच्या आजीचं म्हणे बोलणं गेलं होतं, पण रोझरीला बसली की ओठ हलायचे."

चंद्रहासरावांच्या तोंडात आपोआप यायचं ते एकच, गंगेचं स्तोत्र. वडिलांकडून आलेलं. रोज संध्याकाळी केळींना पाणी देताना ते म्हणायचे, लग्नाच्या दिवशीसुद्धा खाडा केला नव्हता. मुलाने, केयूरने, मोबाईलवर ते स्तोत्र शोधून लावलं. बासरी, तबला, मागे पक्ष्यांची किलबिल. चंद्रहासरावांनी दोन ओळी ऐकल्या आणि मोबाईल उचलून उशीखाली दाबला.

"मग तुम्हीच का नाही म्हणत?" मी विचारलं. "इतकी वर्षं ऐकलंत ना?"

"ऐकलं, पण पंपाजवळून! मी पंपापाशी, हे वाडीच्या टोकाला. मधे मोटारीची घरघर. चाल तेवढी कानावर यायची. शब्द म्हणाल तर 'गंगे' एवढा कळतो, पुढे सगळं घर्रर्र."

बायका खो खो हसल्या. यमुनाबाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. शेजारी बसलेली उन्नती, आमच्या वर्गातली सगळ्यात तरुण मुलगी, घरून कंपनीचं काम करता करता अर्धा तास चोरून येणारी, तिचा तर चेहराच पडला. मी देवीला मनातल्या मनात हात जोडले आणि त्याच दिवशी गंगेची पहिली संथा दिली.

इथून माझ्या हालांना सुरुवात झाली.

यमुनाबाईंचा आवाज खणखणीत, पाठांतर बरं, जीभ चांगली वळणारी. पण चाल! आमच्या वर्गाची चाल संथ आहे, प्रत्येक चरण शेवटी थोडा लांबवायचा, मग श्वास. यमुनाबाई सुटायच्या त्या सुटायच्याच. खांद्यावर कुदळ टाकून झपाझप चाललेल्या माणसाचं जसं पाऊल पडतं तशी ती चाल. आम्ही दुसऱ्या चरणात असायचो, तर त्या श्लोक संपवून आमची वाट बघत बसलेल्या असायच्या.

"यमुनाबाई, जरा दमानं. शेवटी लांबवायचं."

"इतकं लांबवलं तर पाणी वाहून जाईल, बाई."

"इथे पाणी नाहीये! इथे गंगा आहे!"

"गंगा म्हणजे पाणीच की हो," त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, आणि माझा वर्ग पुन्हा हातातून गेला.

पण मेहनत करावी ती त्यांनीच. निर्मळहून गोखिवऱ्याला यायचं म्हणजे वसईचं एक टोक ते दुसरं टोक. शेजारचा बॅप्टिस्ट त्यांना रिक्षातून आणायचा. वाटभर त्या मोठ्याने श्लोक म्हणायच्या आणि कुठे अडल्या की बॅप्टिस्ट हॉर्न वाजवायचा. त्याला संस्कृताचं अक्षर कळत नव्हतं, पण ऐकून ऐकून कुठे काहीतरी राहिलं एवढं त्याच्या कानाला कळायला लागलं होतं. "टीचर, काकींचा तिसरा श्लोक आज पक्का झाला," असं तो मला क्लबहाऊसच्या दारातून ओरडून सांगायचा. केळीची पानं कापताना, अळू सोलताना, गजरा गुंफताना, यमुनाबाईंचं तोंड सतत चालू. फक्त चंद्रहासरावांच्या समोर मात्र त्या एक चरणसुद्धा म्हणत नव्हत्या.

"म्हणून बघा ना थोडं थोडं," उन्नती त्यांना म्हणाली.

"छे गं! अर्धवट, चुकीचं त्यांच्यासमोर कसं म्हणू? देवाचं आहे. त्यात आजारी माणूस. पुरतं शुद्ध झाल्याशिवाय नाही." आणि मग माझ्याकडे बघून, "बाई सांगतील तेव्हाच."

मला फार बरं वाटलं. असं कुणी म्हणालं की मास्तरणीची मान ताठ होते.

स्तोत्र पाठ झालं ते देवदिवाळीच्या सुमाराला. आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या देवळात दरवर्षी त्या सकाळी वर्गाचं सामूहिक पठण असतं. सगळ्या बायका एकरंगी साड्या नेसून येतात, कमिटीचे पुरुष मागे खुर्च्यांवर बसतात, नंतर उपमा. यमुनाबाईंचा आवाज मोठा म्हणून मी त्यांना पहिल्या ओळीत मधोमध बसवलं. इथेच फसले.

पहिले चार श्लोक असे सुंदर झाले की मागचे पुरुषसुद्धा मोबाईल खाली ठेवून ऐकायला लागले. चौथा संपला. आम्ही पाचवा उचलला. आणि यमुनाबाई थांबल्या. नुसत्या थांबल्या नाहीत, तर डोळे मिटून त्यांनी उजवा हात समोर हवेत उचलून धरला आणि कान देऊन बसल्या. त्यांच्या आवाजावर टेकलेली अर्धी ओळ घसरली. उन्नतीला वाटलं काहीतरी खूण आहे, तिनेही हात वर केला. तिला बघून आणखी दोघींनी केला. पाचवा श्लोक मी एकटीने म्हटला, आणि माझ्यासमोर चार बायका हात वर करून बसलेल्या. कमिटीचे सेक्रेटरी मागून हळूच म्हणाले, "मॅडम, आम्हीपण करायचा का?"

मी उपम्याची बशी तशीच ठेवली आणि यमुनाबाईंना कोपऱ्यात घेतलं.

"हे काय होतं?"

"काय?"

"हात! हात कसला वर करता?"

त्यांनी स्वतःच्या हाताकडे असं बघितलं, जणू हा शेजारणीचा हात चुकून त्यांच्याकडे राहिलाय. मग एकदम जीभ चावली. "अगं बाई! पंप!"

"कसला पंप?"

मग कळलं. राऊतांच्या घरात हे स्तोत्र म्हणजे पूजेपेक्षा जास्त घड्याळ होतं. चंद्रहासरावांच्या वडिलांच्या काळी बावखलावर, म्हणजे वाडीतल्या पाण्याच्या तळीवर, रहाट होता. बैल फिरायचा, पाणी पाटातून केळींना जायचं. चिखलात हातावर घड्याळ कोण बांधणार? म्हाताऱ्याने स्तोत्रावर हिशेब बसवला होता. चार श्लोक म्हणून झाले की पहिल्या ओळीची आळी भरली. मग बैलाला थांबवायला हाक मारायची, मातीचा बांध फोडून पाणी दुसऱ्या ओळीत वळवायचं, आणि पाचव्या श्लोकाला बैल पुन्हा चालवायचा. पुढे बैल गेला, रहाट गेला, मोटार आली. चार श्लोक तसेच राहिले. यमुनाबाई लग्न होऊन आल्या तशी त्यांची जागा पंपाच्या खोपटात, बटणाशी. चौथा श्लोक संपला की हात बटणावर ठेवून उभं राहायचं. वाडीच्या टोकाकडून हाक यायची, "यमू, बंद कर गं!" की खटका खाली. मग पुन्हा, "हां, सोड!" की खटका वर आणि पाचवा श्लोक.

"हाक आल्याशिवाय मी कधी बंद नाही केला हो पंप," त्या अभिमानाने म्हणाल्या. "एकदा हे बॅप्टिस्टच्या बापाशी बोलत बसले, विसरले. मी हात ठेवून तश्शीच उभी. सगळ्या वाडीचं तळं झालं. मला म्हणाले, कळत नाही का तुला? म्हटलं, तुमची हाक कुठे आली?"

एऱ्हवी मी हसले असते. पण त्या दिवशी सेक्रेटरी अजून मागून हात वर करून मला दाखवत होते.

"हे बघा," मी म्हटलं, "हे संस्कृत स्तोत्र आहे. त्यात चौथ्या आणि पाचव्या श्लोकाच्या मध्ये पंप नाही. तुम्हाला चंद्रहासरावांसमोर ते शुद्ध म्हणायचंय ना? मग हा थांबा गेला पाहिजे, ती घाई गेली पाहिजे, आणि हा हात तर आधी गेला पाहिजे."

"हो बाई," त्या म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी मी त्यांच्या दोन्ही हातांत एक नारळ दिला. मांडीवर धरायचा, सोडायचा नाही. चौथा श्लोक आला की नारळ जागच्या जागी उडी मारायचा. पण बाई चिवट. हळूहळू नारळ शांत झाला. चाल संथ झाली. चौथ्यावरून पाचव्यावर त्या अशा गेल्या की मधे सुई शिरणार नाही. त्या दिवशी मी त्यांना सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "झालं. आता म्हणा त्यांच्यासमोर."

त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "तुम्ही यायचं. चुकले तर धरायला."

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी बॅप्टिस्ट मला न्यायला आला. पैसे घेईना. "टीचरकडून कसले पैसे," म्हणाला, आणि वाटेत पहिला श्लोक चालीवर गुणगुणून दाखवला. शब्द सगळे त्याचे स्वतःचे होते, पण चाल माझी होती. मी एकही चूक काढली नाही. प्रसंगच तसा होता.

राऊतांचं घर बैठं, पुढे अंगण, अंगणाला लागूनच वाडी. केळींच्या ओळी, मधे पाट, अंगणाच्या कडेला मोगऱ्याचे वाफे, बाजूला बावखल आणि त्याच्या काठी पंपाचं खोपट. चंद्रहासराव अंगणात हातांच्या खुर्चीत बसले होते. मोठ्या हाडापेराचा माणूस, डोक्याला कानटोपी. मला बघून त्यांनी डाव्या हाताने नमस्कार केला, आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. जेसिका पायरीवर बसली होती. हसऱ्या चेहऱ्याची मुलगी, पण मी शेजारी बसले तसं तिने मला हळूच सांगितलं, "आजसुद्धा पत्ती बघितली नाही त्यांनी. यातून काही झालं तर झालं."

यमुनाबाई रेशमी साडी नेसून आल्या. समोर समई, हातात नारळ. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

काय सांगू! एक अक्षर इकडचं तिकडे नाही. संथ, भरदार, प्रत्येक चरण शेवटी लांबवलेला. चौथ्यावरून पाचवा, जराही खळ नाही. माझे वडील असते तर त्यांनी डोळे मिटले असते, पण आनंदाने. मी चंद्रहासरावांच्या ओठांकडे बघत होते. ते नीट ऐकत होते, पाहुण्याचं ऐकावं तसं, सभ्यपणाने. थोड्या वेळाने त्यांची नजर नारळावर गेली. मग आंब्यावरच्या कावळ्याकडे. ओठ बंद ते बंद.

स्तोत्र संपलं. चंद्रहासरावांनी मान डोलावली, झालं का, छान, अशी. आणि खुर्चीत मागे टेकले.

"नाही आलं हो, बाई," यमुनाबाई म्हणाल्या.

"अहो, आलं की! एक अक्षर चुकलं नाहीत!"

"माझं नाही. ह्यांचं."

जेसिकाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाली, काकी, एका दिवसात नसतं, पुन्हा करू. यमुनाबाईंनी नारळ समईपाशी ठेवला आणि आत गेल्या. भांड्याचा आवाज आला, मग नाक शिंकरल्याचा. मला इतकं वाईट वाटलं की मी समईचीच वात उगीच सारखी करत बसले.

तेवढ्यात केयूरचा फोन आला. ऑफिसात अडकलाय, यायला उशीर होईल, केळीच्या नव्या रोपांना पाणी द्यायचं राहिलंय. यमुनाबाई बाहेर आल्या त्या रोजच्या साडीत, वर खोचून, डोळे लाल. "तुम्ही चहा घ्या, मी एवढं पाणी सोडून येते," म्हणून त्या तरातरा खोपटाकडे गेल्या. खटका वर गेला. मोटार घरघरली आणि पाटातून पाणी धावायला लागलं.

आणि त्या घरघरीतून आवाज यायला लागला. यमुनाबाई स्वतःशीच म्हणत होत्या. रागाने म्हणत होत्या खरं तर, गंगेवर, माझ्यावर, सगळ्यांवर. आणि म्हणत होत्या त्या जुन्या चालीत, कुदळ खांद्यावर टाकून निघालेल्या त्या झपाझप चालीत, जी मी इतके आठवडे खपून त्यांच्या तोंडून काढली होती. अरे देवा, म्हटलं, सगळी मेहनत पाण्यात.

एक श्लोक झाला, दुसरा, तिसरा. चौथा संपला.

आणि त्या थांबल्या. उजवा हात वर गेला, खटक्यावर टेकला आणि तिथेच राहिला. त्या आमच्याकडे बघत नव्हत्या. त्या वाडीच्या टोकाकडे बघत होत्या, जिथे आता कुणी नव्हतं. सवयीने थांबल्या होत्या, दुसरं काही नाही.

माझ्या जिभेवर पाचव्या श्लोकाचा पहिला शब्द आला. तीस वर्षं फाइलींतल्या चुका काढलेली बाई मी, मला राहवेना. जेसिकाने माझं मनगट धरलं, आणि चांगलं घट्ट धरलं. तिने डोळ्यांनी खुर्चीकडे दाखवलं.

चंद्रहासराव पुढे वाकले होते. पाट तुडुंब भरला होता, बांध कुणी फोडला नव्हता. पाणी काठावरून सांडलं, मोगऱ्याच्या वाफ्यात शिरलं, अंगणाकडे यायला लागलं. ते पाण्याकडे बघत होते, मग पंपाकडे, मग पाण्याकडे. डावा हात खुर्चीच्या हातावर आपटायला लागला. मानेची शीर ताठ झाली. ओठ हलले. "अं," ते म्हणाले. "अं... ब..." चेहरा लाल झाला, आणि मला वाटलं आता यांना काहीतरी होतंय, बोलवा कुणालातरी.

"बंद!"

बावखलाच्या काठचा बगळा उडाला एवढा मोठा आवाज.

"बंद कर गं!"

खट्. यमुनाबाईंनी खटका खाली केला. मोटार थांबली. हाक आली, हात खाली आला, इतकी वर्षं जसा यायचा तसा. मग सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत त्यांना कळलं. हात तसाच खटक्यावर, तोंड उघडं, त्या हळूहळू वळल्या.

"काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

चंद्रहासरावांनाही आता कळलं होतं. ते आपल्याच ओठांना डाव्या हाताने चाचपून बघत होते. डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं, पण मोगऱ्यातलं पाणी बघून राग काही आवरत नव्हता. त्यांनी वाफ्याकडे बोट केलं, पुन्हा जोर लावला, आणि म्हणाले, "पा... पाणी!"

जेसिका पायरीवर बसून हमसून हमसून रडत होती आणि हसतही होती. चित्रांच्या पत्त्या तिच्या मांडीवरून ओल्या मातीत पडल्या, त्यात गायही होती, ती कुणी उचलली नाही. माझंही काही वेगळं नव्हतं. मी पदराने नाक पुसलं आणि खोपटाकडे बघितलं. यमुनाबाई चंद्रहासरावांकडे एकटक बघत होत्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, की लग्न होऊन आल्या तेव्हा त्या कशा दिसत असतील ते मला कळलं. त्यांनी खटका पुन्हा वर केला.

"अहो, काय करताय!" मी ओरडले. "मोगरा बुडेल सगळा!"

"बुडू दे!" मोटारीवर आवाज चढवून त्या म्हणाल्या, आणि पहिल्या श्लोकापासून सुरू झाल्या. झपाझप.

मी उठले, साडी वर खोचली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ती चाल मला येत नव्हती. दोन ओळी धडपडले, तिसरीला पकडली. घरघरीत शब्द खरंच कळत नव्हते, पायाला मात्र बरोबर कळत होतं कुठे पडायचं. जेसिका पायरीवरून टाळ्या वाजवत होती. पाणी चपलांखाली शिरलं, मग वर आलं. चौथा श्लोक संपला. यमुनाबाईंनी हात खटक्यावर ठेवला आणि थांबल्या, आणि त्यांच्या शेजारी मीही तोंड मिटून गप्प उभी राहिले.

खुर्चीतून हाक यायला या वेळी फार वेळ लागला नाही.